आवाजामागची वीज

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याजवळ छातीतला दम आणि डोक्यावरचे छत एवढेच ध्वनिवर्धक होते. शेवटच्या रांगेतील गृहस्थास ऐकू जाईल असा आवाज असणे ही त्या काळी विद्वत्तेइतकीच वक्त्याची पात्रता समजली जाई. आज माझ्यासारख्या बसक्या आवाजाच्या माणसालाही व्यासपीठावर जागा मिळते, याचे श्रेय माझे नव्हे. ते समोरच्या काळ्या नळीचे आणि तिच्यामागे भिंतीतून येणाऱ्या विजेचे आहे.

आपल्यापैकी जे वेळेआधी येऊन पुढच्या खुर्च्या धरतात, त्यांनी एक गोष्ट ऐकली असेल. व्याख्यान सुरू होण्यापूर्वी ध्वनिक्षेपकाची व्यवस्था पाहणारा तरुण कळ दाबतो आणि कोणी एक शब्द उच्चारण्याच्या आधीच कर्ण्यातून मंद ‘हूंऽऽ’ असा आवाज निघू लागतो. दुरुस्तीवाले त्याला ‘हमिंग’ म्हणतात, घरातली माणसे भुंगा म्हणतात. हा आवाज कोणाचा? वक्ता बोललेला नाही, तबकडी फिरत नाही. तो आवाज विजेचा स्वतःचा आहे. या भुंग्याचा इतिहास आणि त्याला घालवण्यासाठी माणसांनी केलेल्या खटाटोपाचा इतिहास हाच माझा आजचा विषय.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावी. गायकाच्या आवाजाने विजेचा एक क्षीण प्रवाह हलतो आणि तोच फुगवून कर्ण्यात जातो, असा आपला समज असतो. वस्तुतः तो क्षीण प्रवाह नळाच्या चावीवरच्या हातासारखा असतो. हात चावी फिरवतो, पण घागरीत पडणारे पाणी हाताचे नसते; ते टाकीचे असते. टाकीतले पाणी गढूळ असेल तर चावी कितीही हळुवार फिरवली तरी घागर गढूळच भरणार. पाण्याचा दृष्टांत सोलापूरकरांना विस्ताराने सांगण्याचे कारण नाही! यंत्रातून आपण जे ऐकतो ती भिंतीतून आलेली वीजच असते. गायकाने तिला फक्त आकार दिलेला असतो. म्हणून स्वच्छ स्वर ऐकण्याचा इतिहास म्हणजे वीज स्वच्छ करण्याचा इतिहास होय.

चावीचे यंत्र आणि विजेचे यंत्र

एडिसनने १८७७ साली आवाज पकडणारे यंत्र केले. बर्लिनरने १८८७ साली सपाट तबकडीची वाट दाखवली. १९०२ साली गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि गौहरजान यांचे गाणे त्याने तबकडीवर उतरवले. या सगळ्या उद्योगात विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून जिवाच्या आकांताने गायचे, त्या हवेच्या धक्क्याने सुई थरथरायची आणि मेणावर रेघ ओढली जायची. घरी ऐकताना चावी देऊन स्प्रिंग गुंडाळायची. तबकडीची खरखर होती, पण भुंगा नव्हता, कारण भुंग्याला जन्म देणारी वीजच तेथे नव्हती.

फ्लेमिंगने १९०४ साली आणि डी फॉरेस्टने १९०६ साली काचेच्या नळ्या तयार केल्या, त्यांना आपल्याकडे व्हॉल्व्ह म्हणू लागले. क्षीण आवाज मोठा करण्याची शक्ती माणसाच्या हाती प्रथम आली ती या नळ्यांमुळे. १९२५ पासून तबकड्यांचे मुद्रणही विजेने होऊ लागले आणि गायकाची कर्ण्यातून सुटका झाली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. परंतु व्हॉल्व्हची एक अट होती. त्याला एकाच दिशेने, शांतपणे वाहणारी वीज लागते. बॅटरीतली वीज तशी असते. म्हणून पहिले रेडिओ बॅटरीवर चालत. तेही एका नव्हे, तर दोन बॅटऱ्यांवर: एक व्हॉल्व्हची तार तापवायला आणि दुसरी, पुष्कळ अधिक दाबाची, आवाज घडवायला. आवाज निर्मळ असे, पण बॅटरी उतरली की रेडिओ मुका आणि मालक हवालदिल.

भिंतीतली वीज वेगळ्या स्वभावाची. ती सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे झुलते. तिला एकाच दिशेला वळवले तरी तिच्या लाटा उरतातच. दोन्ही बाजूंचे झोके एकाच बाजूस आल्यामुळे सेकंदाला शंभर लाटा होतात. भुंगा म्हणून जो ऐकू येतो तो बहुधा या शंभर लाटांचा स्वर असतो. टोरोंटोच्या एडवर्ड रॉजर्स याने १९२५ साली बॅटरीवाचून भिंतीच्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा त्यालाही या लाटा शमवाव्या लागल्या. त्याचे साधन म्हणजे कंडेन्सर. घरातल्या रांजणासारखा हा असतो. नळाला पाणी थांबतथांबत येवो, रांजण भरलेला असला की तांब्याला खंड पडत नाही. लाट वर असताना कंडेन्सर भरून घेतो, लाट उतरली की आपल्या पोटातले देतो. रांजण मोठा आणि धड असेल तर आतल्या नळ्यांना वीज झुलते आहे याचा पत्ताही लागत नाही.

बोलपटाच्या काळात हीच अडचण चित्रगृहांत आली. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली लागला आणि पडद्यावरची माणसे मराठी बोलू लागली. फिल्मच्या कडेला असलेल्या आवाजाच्या पट्टीतून एका लहान दिव्याचा उजेड पार जाई आणि त्या उजेडाच्या चढउताराचा आवाज होई. तो दिवा झुलत्या विजेवर लावला की उजेडही झुले आणि संवादांच्या पाठीशी भुंगा लागे. म्हणून त्या एका दिव्यासाठी एकदिश विजेची निराळी व्यवस्था करावी लागे. त्याच सुमारास, १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये, ‘शिकागो रेडिओ’ या भारतीय पेढीने ध्वनिक्षेपक लावले आणि नेत्यांचे शब्द प्रचंड समुदायापर्यंत पोचवले. राजकारण, नाटक, कीर्तन, सगळेच हळूहळू या विजेच्या हवाली झाले.

पन्नास फेरे आणि सोलापूरची तार

वीज नुसती शांत असून भागत नाही, तिला ठेकाही सांभाळावा लागतो. कित्येक तबकडीयंत्रांच्या मोटारी विजेच्या झोक्यांवर चालत. झोके सेकंदाला पन्नास असतील तर तबकडी बरोबर फिरे. ते कमी झाले की तबकडी मंदावे आणि गायकाचा षड्ज खाली उतरे. आपल्या देशातली वारंवारता एके काळी ४८ ते ५२ च्या दरम्यान हेलकावत असे. साडेअठ्ठेचाळीस म्हणजे शेकडा तीन कमी. शेकडा तीन म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा अर्धा भाग. गवयाने आयुष्यभर साधलेला सूर विजेच्या तुटवड्याने उतरावा, याहून विनोदी आणि दुःखद गोष्ट कोणती? तबकडीबरोबर पेटी वाजवायला बसलेल्या शिष्याला पेटीच चुकीची वाटत असेल, तर त्यात त्याचा दोष नव्हता.

ही वारंवारता ताळ्यावर कशी आली? १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात नवी दरपद्धती लागू झाली. वारंवारता खाली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्यास जबर दर आणि वर असताना सवलत, असे तिचे सूत्र होते. खिशाला चाट बसू लागताच शिस्त आली. दुसरे काम तारांनी केले. देशाच्या विभागांची वीजजाळी पूर्वी अलग होती. ती एकेक करून जोडली गेली आणि २००६ च्या ऑगस्टपर्यंत उत्तर, पूर्व, पश्चिम व ईशान्य हे चारही विभाग एका ठेक्यात आले. दक्षिण तेवढी निराळ्या तालात चालत होती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एकरूप झाले. त्या दिवसापासून काश्मीरातला पंखा आणि कन्याकुमारीची गिरणी एकाच ठेक्यावर फिरतात. ही सम जेथे साधली ते गाव आपले सोलापूर. चादरीसाठी आपले नाव जगभर आहे. पण देशाच्या विजेला एका तालात आणणारी गाठ आपल्या माळावर बसली, हे आपल्या मुलांनाही सांगितले पाहिजे.

आकडे मळत नाहीत काय?

आता अलीकडच्या युगाकडे येऊ. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये पहिले सीडी-यंत्र विकावयास आले. आवाजाची रेघ ओढण्याऐवजी त्याचे आकडे मांडावयाचे, ही त्यामागची कल्पना. आवाजाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक वेळी ६५,५३६ पायऱ्यांपैकी ती कोणत्या पायरीवर आहे ते टिपून ठेवायचे. अशा मोजणीची कल्पना अलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ च्या सुमारासच मांडली होती.

कोणी म्हणेल, हे फार नवलाचे. पण ज्या गावात जकार्ड चालतो त्या गावाला आकड्यांच्या भाषेचे नवल वाटू नये. जकार्डने फ्रान्समध्ये १८०४ साली केलेले साधन सोलापुरी चादरीच्या नक्षीमागे आजही उभे आहे. पुठ्ठ्याच्या पट्टीत भोक आहे किंवा नाही. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोनच शब्दांत मोर, कमळ, वेलबुट्टी सगळे लिहिलेले असते. सीडीवरचे गाणेही असेच ‘आहे-नाही’त लिहिलेले असते. आपल्या पूर्व भागातल्या विणकरांनी ही भाषा संगणक येण्यापूर्वी कित्येक वर्षे हाताळली आहे.

आकड्यांचे युग आले तेव्हा पुष्कळांना वाटले की विजेच्या मळाचा प्रश्न मिटला. आकडा मळत नाही. पुठ्ठ्यावरचे भोक धुळीने थोडे काळवंडले तरी ते भोकच राहते. हे खरे आहे. म्हणूनच सीडीची हजारावी प्रत पहिलीसारखीच असते. परंतु कोणी पुठ्ठा पांघरत नाही. शेवटी चादर विणावीच लागते, आणि विणताना आकड्यांच्या बाहेरच्या दोन गोष्टी आडव्या येतात: धाग्याचा ताण आणि फणीच्या ठोक्याचा वेळ. पुठ्ठा अचूक असूनही ताण कमीजास्त झाला किंवा ठोके पुढेमागे पडले, तर कमळ वाकडे येते.

सीडी-यंत्रातही तसेच. आकड्याचा पुन्हा आवाज करताना यंत्राला एक ठरलेला दाब लागतो, ज्याच्या मापाने प्रत्येक पायरीची उंची ठरते. हा धाग्याचा ताण. आणि एक घड्याळ लागते, जे सेकंदाला ४४,१०० ठोके समान अंतरावर देते. हा फणीचा ठोका. घड्याळाचे काम स्फटिकाचा तुकडा करतो, त्यामुळे भिंतीतली वारंवारता हलली तरी सूर उतरत नाही. हा मोठाच लाभ. तथापि दाब आणि घड्याळ दोहोंनाही वीज भिंतीतूनच येते. सीडी-यंत्राच्या नेहमीच्या बाहेर पडणाऱ्या दाबावर हिशेब केला तर एका पायरीची उंची सुमारे ८६ मायक्रोव्होल्ट येते. भिंतीतल्या २३० व्होल्टांचे सव्वीस लाख भाग केले तर त्यांतल्या एका भागाहूनही ही पायरी लहान. एवढ्या मोठ्या पुरातून एवढा बारीक थेंब न गढुळता काढायचा, हे आकड्यांच्या यंत्राचे खरे आव्हान होय.

पेटी उघडणारे लोक

आणि येथूनच एका नव्या छंदाचा उगम झाला. इंग्लंड, अमेरिका, जपान येथील हौशी लोकांनी नवीकोरी यंत्रे घरी आणून, हमीचा कागद बाजूस ठेवून, त्यांची पेटी उघडण्यास सुरुवात केली. कारखानदार लाखो नग काढतो. एका नगामागे दोन रुपये वाचले तर त्याचे लाखो रुपये वाचतात. साहजिकच जेथे नजर जात नाही तेथे, म्हणजे वीजपुरवठ्यात, तो काटकसर करतो. हौशी माणूस एकाच नगाचा मालक असतो. त्याला ती काटकसर परत फेडता येते.

ते काय बदलतात? सर्वांत आधी रांजण, म्हणजे मुख्य कंडेन्सर. मग वीज एका दिशेला वळवणारे डायोड, कारण साधे डायोड बंद होताना बारीक झटका देतात. मग दाब स्थिर राखणारे तीन पायांचे नियामक. आपल्याकडील कोणताही दुरुस्तीवाला ‘अठ्ठ्याहत्तर-शून्य-पाच’ म्हटले की डबीतून काढून देईल तेच हे. असा साधा नियामकही लाटांचा जवळजवळ हजारावा भागच पुढे जाऊ देतो. त्यापुढे घड्याळाला आणि आवाज घडवणाऱ्या चिपेला निरनिराळे नियामक देतात, म्हणजे एकाची गडबड दुसऱ्याकडे जात नाही. एकाच नळावर दोन बिऱ्हाडे असली की एकाने बादली लावताच दुसऱ्याची धार बारीक होते. निराळी जोडणी घेतली की भांडण मिटते. अखेरीस चिपेच्या पायांशी लहान लहान कंडेन्सर लावतात. ते दाराशी ठेवलेल्या तांब्यासारखे हाताशी असतात.

येथवर सगळे शास्त्रशुद्ध आहे. पण छंदाला श्रद्धेचे वळण लागावयास वेळ लागत नाही. अमक्या रंगाचा कंडेन्सर ‘गोड’ वाजतो, तमकी तार ‘उबदार’ वाटते, हजारो रुपयांची भिंतीपासूनची एक हात वायर लावली की पडदा दूर होतो, अशी वचने प्रसृत झाली. मैलोन्‌मैल साध्या तारेतून आलेल्या विजेला शेवटच्या हातभर तारेने मोक्ष मिळतो, ही कल्पना ऐकून आपल्याकडच्या तीर्थस्नानाची आठवण होते.

सोलापूरची हवा

या बाबतीत आपल्या गावाच्या काही खास अडचणी आहेत. त्यांकडे परदेशी पुस्तकांत कोणी लक्ष पुरवीत नाही. पहिली उन्हाची. कंडेन्सरच्या पोटात ओल असते आणि उष्णतेने ती उडून जाते. दर दहा अंशांमागे त्याचे आयुष्य निम्मे होते असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. ८५ अंशांना २,००० तास टिकेल असे ज्यावर छापलेले असते, तो ६५ अंशांना ८,००० तास टिकावा. आपल्या वैशाखात बाहेर ४२-४३ अंश असतात. बंद पेटीच्या आत, तापणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशेजारी, ६५ अंश सहज होतात. दिवसाला चार तास यंत्र चालवले तर साडेपाच वर्षांत रांजणाला तडा. उलट १०५ अंशांचा, तेवढ्याच तासांचा कंडेन्सर घेतला तर हिशेबाने तोच काळ बावीस वर्षांवर जातो. दोहोंच्या किमतीत फरक थोड्या रुपयांचा. त्यातच १९९९ ते २००७ च्या सुमारास जगभर सदोष द्रावाचे कंडेन्सर बाजारात आले आणि ते फुगून असंख्य यंत्रे निकामी झाली.

दुसरी अडचण यंत्रमागांची. मोटार सुरू होताना दाब खचतो, बंद होताना झटका उसळतो, आणि त्याच तारेवर आपले गाणे असते. तिसरी भारनियमनाच्या वर्षांची. तेव्हा घरोघर जे स्वस्त इन्व्हर्टर आले, त्यांतली वीज झुल्यासारखी न झुलता पायऱ्यापायऱ्यांनी चढे-उतरे. तिच्यावर पंखाही घुरघुरे, मग गाण्याची काय कथा! चौथी अर्थिंगची. उन्हाळ्यात आपला मुरूम कोरडा ठणठणीत होतो आणि जमिनीत पुरलेली पट्टी केवळ नावाला उरते. कोळसा व मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात अधूनमधून चार बादल्या पाणी ओतणे, हा सर्वांत स्वस्त सुधार होय.

माझ्या घरची एक हकिकत सांगतो. माझे जुने सीडी-यंत्र २०११ च्या उन्हाळ्यात भुंगा धरून बसले. एका दुकानात ‘फेकून द्या, नवे घ्या’ असा सल्ला मिळाला. मी ते गल्लीतल्या एका वृद्ध दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्यांनी पेटी उघडून दोन फुगलेले कंडेन्सर दाखवले आणि १०५ अंशांचे नवे बसवले. खर्च शंभराच्या आत. घरी कळ दाबताच माझी लहान नात म्हणाली, “आजोबा, भुंगा गेला.” या सुधारणेला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती.

परंतु माझा लोभ वाढला. परदेशी लेख वाचून मी त्यांना म्हटले, “मास्तर, आता ती आठ पायांची चिपही बदला. नवी फार महाग येते, पण आवाज खुलतो म्हणतात.” मास्तरांनी चिपेखाली खाचेची बैठक बसवली, म्हणजे चिप काढता-घालता यावी, आणि मला भिंतीकडे तोंड करून बसवले. तीच भीमपलासाची सीडी त्यांनी दहा वेळा लावली. प्रत्येक वेळी यंत्र बंद करीत, चिप बदलीत किंवा बदलल्यासारखे करीत, आणि विचारीत, “कोणती?” मी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तरे दिली. दहापैकी सहा बरोबर निघाली. मास्तर हसले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, नाणे उडवले असते तरी इतकी आली असती. ते पैसे अर्थिंगला घाला.”

त्या दिवशी मला थोडा राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. आपल्या कानाची परीक्षा कोणी घेतलेली माणसाला खपत नाही. पण मागाहून वाटू लागले की या विषयातले सगळे तत्त्वज्ञान त्या भिंतीकडे तोंड करून बसण्यात आहे. घड्याळाच्या ठोक्यांची चूक कागदावर मोजली तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही आठवा हिस्सा महत्त्वाचा ठरतो. प्रत्यक्ष गाणे ऐकताना मात्र चूक त्याच्या कितीतरी पट झाल्यावाचून माणसाला कळत नाही, असे श्रवणप्रयोग सांगतात. जे मोजता येते ते सगळे ऐकू येतेच असे नाही. आणि ऐकू आल्यासारखे वाटते ते पुष्कळदा डोळ्यांनी पाहिलेल्या किमतीचे असते.

म्हणून वीज स्वच्छ करण्याचे काम खोटे, असे मात्र कोणी म्हणू नये. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ-दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकणारा हा महाराष्ट्राचा सर्वांत मोठा कान. त्या कानालाही भुंगा छळतो. खांबावरच्या तडकलेल्या चिनी मातीच्या चिमणीत, सैल पडलेल्या जोडात ठिणगी उडते आणि आकाशाचा आवाज झाकून टाकते. अशा ठिणग्या शोधून दूर करवणे हे तेथील अभियंत्यांच्या नित्याच्या कामांपैकी एक आहे. ते विश्वासावर चालत नाहीत. आधी मोजतात, मग दुरुस्त करतात, आणि पुन्हा मोजतात. गल्लीतले मास्तर आणि खोडदचे अभियंते यांची जात एकच.

समारोप करण्यापूर्वी एक सावधगिरीची सूचना. पेटी उघडण्याची हौस कोणास झाली तर आधी वायर भिंतीतून काढावी, आणि तरीही हात घालू नये. हल्लीच्या हलक्या वीजपुरवठ्यांत भिंतीची वीज सरळ कंडेन्सरात भरते. तेथे सव्वातीनशे व्होल्टांपर्यंत दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. रांजण रिकामा झाल्याची खात्री जाणत्याने मीटरवर करावी. गाण्याच्या छंदापायी जीव गेला, असे कोणाच्याही घरी होऊ नये.

असे मास्तर आता गावात थोडे उरले आहेत. यंत्र बिघडले की फेकण्याची चाल पडली, तशी त्यांची दुकाने मोबाईलच्या काचा बदलणाऱ्यांनी घेतली. चादर विणणाऱ्याचा हात आणि आवाज साफ करणाऱ्याचा हात हे दोन्ही या गावाचे भांडवल होते. आपल्या घरी एखादे जुने यंत्र भुंगा धरून बसले असेल, तर ते भंगारात घालण्यापूर्वी एकदा अशा माणसाकडे न्यावे. शंभर रुपयांत भुंगा जाईल. आणि न गेला तर निदान तो कोठून येतो, हे तरी कळेल.